गांजा ओढणाऱ्याला सोडा, पण गांजाचं दुकान काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत गांजा कायदेशीर करावा की नाही यावर समोरासमोर दोन लेख आले. एकात म्हटलंय की जगभर मोकळं होतंय, आपल्याकडे तर शंकराचा प्रसाद, मग सरकारने लायसन द्यावं, टॅक्स गोळा करावा आणि विषय संपवावा. दुसऱ्यात म्हटलंय की असं केलं तर पिढी वाया जाईल, उलट शिक्षा अजून कडक करा. दोन्ही लेख नीट लिहिलेत, वाद नाही, पण वाचताना सारखं वाटत राहिलं की या दोघांपैकी कुणीही मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या व्हरांड्यात सकाळी अकराला उभं राहून पाहिलेलं नाही. मी सोलापूर जिल्ह्यात फौजदारी वकिली करतो, एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याची, कामं बऱ्यापैकी येतात, आणि तिथून जे दिसतं ते या दोन्ही बाजूंत बसत नाही म्हणून हे लांबलचक पत्र. काटछाट करायची तर करा, फक्त कायद्याचा भाग कापू नका.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ओढणाऱ्याला लॉकअप आणि कोर्ट दाखवणं बंद करा. आणि दुकान काढू नका, खाजगीही नाही आणि सरकारीही नाही. टीव्हीवरच्या चर्चेत असं बोलणाऱ्याला खुर्ची मिळत नाही, तिथे एक तर साधू पाहिजे नाहीतर रिटायर्ड पोलीस अधिकारी.

आता कायदा, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. एनडीपीएस कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर १९८५ ला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. नुसतं बी आणि नुसती पानं, सोबत शेंडा नसेल तर, त्या व्याख्येत येतच नाहीत. म्हणून पानाची भांग केंद्राच्या कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या हातात गेली, म्हणूनच राजस्थान आणि यूपीत सरकारमान्य भांगेची दुकानं भर रस्त्यावर चालतात. कर्नाटक हायकोर्टाने २०२२ मध्ये एका जामिनाच्या अर्जात हेच सांगितलं की भांग एनडीपीएसमध्ये बसत नाही. आपल्याकडे मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तोच तो दारू प्यायच्या परमिटवाला (काढलंय का कुणी कधी?), त्यात भांगही येते आणि लायसन नसेल तर तीही गुन्हा. त्याच झाडाचं बी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलंय, ऑनलाइन मागवा, घरपोच येतं. म्हणजे एकाच झाडाचं बी जिमवाल्या पोराच्या शेकमध्ये, पान बनारसच्या थंडाईत आणि शेंडा आर्थर रोडला. त्यामुळे "गांजा कायदेशीर करावा का" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, झाडाचा कुठला भाग आणि कुठलं राज्य.

शिक्षा वजनावर. १ किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यावसायिक, मधलं ते मधलं. अल्पला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, २० किलोच्या वर कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस. नुसता ओढताना सापडला तर कलम २७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड. कागदावर ठीक वाटतं. पण ही अल्पची रेघ बघा, १ किलो! पाच ग्रॅमची पुडी खिशात असलेला कॉलेजचा पोरगा आणि नऊशे ग्रॅम घेऊन पुड्या बांधत बसलेला विकणारा, दोघं एकाच खान्यात. स्वतःच्या ओढण्यासाठी किलोभर माल घरात ठेवणारा गांजेकस मला तरी अजून भेटायचाय.

आणि पकडलं कोण जातं? फ्लॅटमध्ये एसी लावून ओढणारा सापडत नाही, सापडतो तो पुलाखाली, स्टेशनमागे, पडक्या शाळेच्या मागच्या बाजूला. एफआयआर वाचायचीही गरज नसते, "सदर इसम हा सार्वजनिक ठिकाणी चिलीममध्ये गांजा ओढत असताना मिळून आला", पंचाची नावं बदलतात बाकी मजकूर तोच. पोरगं हमाली करणारं, टेम्पोवर क्लिनर, सेंट्रिंगचं काम करणारं. कोर्टात उभं केलं की कुणीतरी कानात सांगतं, कबूल करून टाक, दंड भर, संध्याकाळी घरी. तो "कबूल साहेब" म्हणतो, मित्राकडून उसने आणून दोन-चार हजार भरतो आणि खरंच संध्याकाळी घरी जातो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की हा दंड म्हणजे हेल्मेटचं चलन नव्हे, ही एनडीपीएसखाली शिक्षा झाली, रेकॉर्डला लागली. मग दोन-तीन वर्षांनी तो येतो, साहेब पोलीस भरतीत मैदानी पास झालो पण चारित्र्य पडताळणीत अडकलंय, किंवा गल्फला ड्रायव्हर म्हणून जायचंय, पोलिसांचा दाखला (पीसीसी) मिळत नाहीये, ते जुनं काढून टाका ना. काय काढणार? स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. अपील करायची मुदत केव्हाच गेलेली असते. अशा पोराला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही, मी चहा मागवतो.

हे माझ्या एकट्याच्या तालुक्याचं नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ च्या मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या केसेस काढून अभ्यास केला होता, त्यातही हेच चित्र, बहुतेक केसेस स्वतः सेवन केल्याच्या, त्यातही गांजा सगळ्यात पुढे, आणि शिक्षा होतात त्या गुन्हा कबूल केल्यामुळे. दुसरीकडे एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेला २०१९ चा देशपातळीवरचा सर्व्हे म्हणतो की वर्षभरात भांग, गांजा, चरस यातलं काहीतरी घेतलेले लोक साधारण ३.१ कोटी आहेत. सगळे गुन्हेगार म्हणायचं ठरवलं तर तुरुंग बांधायला जागा पुरायची नाही. तसं कुणाला करायचंही नसतं, केसेसचा महिन्याचा आकडा भरला की झालं.

आता दुसरं टोक, मोठा माल. आंध्र-ओडिशाच्या सीमेवर, विशाखापट्टणमच्या डोंगराळ पट्ट्यात, मलकानगिरी, कोरापुटकडे शेती होते, "शीलावती" नावाचा माल तिकडूनच येतो, आणि हैदराबाद-सोलापूर-पुणे हायवे हा त्याचा नेहमीचा रस्ता. म्हणून आमच्या जिल्ह्यात टेम्पो धरले जातात, नारळाखाली, भाजीच्या क्रेटखाली, गाडीच्या खोट्या तळात. २० किलोच्या वर गेलं की कलम ३७ लागतं, म्हणजे आरोपी निर्दोष असावा असं कोर्टाला सकृतदर्शनी वाटलं तरच बेल, आणि तसं इतक्या लवकर वाटणार कसं? आत जातो कोण, तर ड्रायव्हर. मालक, पाठवणारा आणि घेणारा हे तिघं चार्जशीटमध्ये बहुतेक "फरार" किंवा "सोनू नावाचा इसम, पूर्ण नाव माहीत नाही". ड्रायव्हर सगळे निष्पाप असतात असं मी म्हणत नाही, काहींना चांगलं माहिती असतं की ताडपत्रीखाली काय आहे आणि ट्रिपचे पैसे चौपट का मिळतायत. पण वीस वर्षांची तलवार लटकते ती साखळीतल्या सगळ्यात स्वस्त माणसावर.

वजनाची तर वेगळीच तऱ्हा. शेतात झाडं सापडली की ओली झाडं मुळासकट, देठासकट, पानांसकट काट्यावर. कायदा शेंडा म्हणतोय आणि पंचनाम्यात अख्खं झाड तोललं जातं. मुंबई हायकोर्टाने २०२२ मध्ये व्याख्येच्या याच मुद्द्यावर एका आरोपीला बेल दिली, हिरवा पाला जप्त केलाय पण त्यात फुलोऱ्याचे शेंडे होते हे कुठे दाखवलंय असं विचारून. चांगला निकाल आहे, आम्ही सगळे दाखवतो. पण हायकोर्टापर्यंत जायला पैसे लागतात, तोपर्यंत माणूस आतच असतो. आणि हो, रिया चक्रवर्तीला बेल देताना ऑक्टोबर २०२० मध्ये हायकोर्टाने हेही सांगितलंय की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र, म्हणजे पुडीवाला पोरगाही त्यातच. तेव्हा चॅनेलवाले तीन महिने गांजा-गांजा करत होते, हे वाक्य मात्र कुणी वाचून दाखवलं नाही.

कडक शिक्षावाल्या लेखकाला मला एवढंच विचारायचंय की गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात खरी आग कुठे लागलीय? एमडी. मेफेड्रोन. ते झाडाला येत नाही, कारखान्यात बनतं, आणि आपल्याच एमआयडीसीत बनत होतं. २०२३ मध्ये आमच्या चिंचोळी एमआयडीसीत मुंबई पोलिसांनी कारखाना पकडला, फेब्रुवारी २०२४ ला दौंडजवळ कुरकुंभला पुणे पोलिसांनी तर एवढा साठा पकडला की देशभर बातमी झाली. दोन्ही वेळा बाहेरच्या शहरातले पोलीस आले आणि पकडून गेले. त्या काळात स्थानिक पातळीवर पुडी ओढणाऱ्यांचे किती पंचनामे लिहिले गेले हे कुणी आरटीआयमधून काढलं तर छान लेख होईल, तुमच्याच वार्ताहराला सांगा.

इथपर्यंत वाचून पहिल्या लेखातला लेखक खूश झाला असेल, तर आता त्याच्याकडे येतो.

१८९३-९४ च्या इंग्रजांच्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा दाखला त्यांनी दिलाय, हजाराच्या वर साक्षीदार तपासले आणि माफक सेवनाने काही बिघडत नाही, बंदी नको असा निष्कर्ष काढला. खरंय. पण त्याच कमिशनने बंदीऐवजी सुचवलं काय, तर लायसन आणि कर. अबकारीचं उत्पन्न बुडू नये ही सरकारची सोय त्यात होतीच. आणि कमिशनवरच्या दोन हिंदी सभासदांनी वेगळी मतं लिहून ठेवली होती तेही सांगायला पाहिजे होतं. १९८५ चा कायदा अमेरिकेच्या दबावाखाली आला असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं तेही अर्धंच, १९६१ च्या यूएनच्या करारावर आपण सही केली होती, त्यात पानं बाहेर ठेवली गेली आणि आपल्यासारख्या देशांना पंचवीस वर्षांची मुदत मिळाली, ती संपत आली तेव्हा कायदा केला. शिवाय २०२० च्या डिसेंबरमध्ये यूएनच्या आयोगात गांजाला सगळ्यात घातक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ ने पास झाला, त्यात भारताने बाजूने मत दिलं. म्हणजे दिल्लीला सगळं कळतं, फक्त घरी आल्यावर बोलायचं नसतं.

आता रेव्हेन्यू. लेखातला सगळ्यात चमचमीत भाग तोच आणि माझा सगळ्यात मोठा विरोधही तिथेच. सरकारला नशेच्या पैशाची सवय लागली की काय होतं हे महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचे कर वाढवले आणि त्यातून १४ हजार कोटी जादा येतील असं सांगितलं. पैसे कशाला लागतायत ते सगळ्यांना माहितीये, बहिणी लाडक्या आहेत. त्याआधी २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला होता, शेतकऱ्याचं भलं म्हणून! विरोध झाला, अडलं. उद्या गांजाचं लायसन निघालं तर पहिल्या वर्षी नियम कडक असतील, शाळेपासून अमुक मीटर, जाहिरात नाही, वगैरे. तिसऱ्या वर्षी टार्गेट ठरेल. राज्य उत्पादन शुल्क खात्याला टार्गेट असतं ना, तसंच. आणि टार्गेट आलं की सरकार विकणाऱ्याच्या बाजूने उभं राहतं, पिणाऱ्याच्या बायकोच्या बाजूने नाही. दारूची दुकानं बंद करायला बायकांना उभी बाटली-आडवी बाटली करत मतदान घ्यायला लागतं, उघडायला एक फाईल पुरते.

यावर कुणी म्हणेल, मग बंदीने काय दिवे लावले? बरोबर आहे. चंद्रपूरला २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ ला उठवली, कारण चोरटी दारू वाढली, बायका-पोरं त्या धंद्यात ओढली गेली असं सरकारनेच सांगितलं. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, दरवर्षी नवीन आदेश निघतो, आणि टपरीवर जाऊन बघा. मी बंदीचा भक्त नाही. पण गुटख्याच्या बाबतीत एक गोष्ट निदान बरी आहे की खाणाऱ्याला कुणी धरत नाही, पुढारीच खातो म्हणून असेल. केस होते ती साठा करणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर. गांजाला तेवढंच लावा असं माझं म्हणणं आहे, जास्त काही मागत नाहीये.

परदेशाचे दाखलेही लेखात अर्धेच आहेत. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला खुलं केलं, टोरांटोकडे आपली मराठी पोरं पोत्याने आहेत, माझा भाचाही तिकडेच आहे, तो म्हणतो मामा लिफ्टमध्ये वास येतो एवढाच त्रास. पण तिथे गांजा घातलेली चॉकलेटं-गोळ्या विकायला परवानगी मिळाल्यावर लहान मुलं चुकून खाऊन दवाखान्यात यायचं प्रमाण वाढलं, आणि क्युबेक प्रांतात, जिथे अशी गोड खाऊसारखी उत्पादनं विकूच दिली नाहीत, तिथे ते बरंच कमी राहिलं. त्याच क्युबेकमध्ये विक्री फक्त सरकारी दुकानातून आणि वय २१. म्हणजे कायदेशीर की बेकायदेशीर यापेक्षा विकतोय कोण आणि कसं यावर सगळं अवलंबून. थायलंडने जून २०२२ मध्ये धाडकन मोकळं केलं, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. त्याचा परिणाम आपल्याकडे काय तर मुंबई विमानतळावर बँकॉकच्या फ्लाइटमधून उतरणाऱ्यांच्या बॅगेत हायड्रोपोनिक (मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला) गांजा, महिन्याला बातम्या येतात. जर्मनीचं मला त्यातल्या त्यात पटतं, एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम आणि तीन झाडं, जुलैपासून सभासदांच्या क्लबात पिकवून आपसात वाटता येतं, पण दुकान नाही. कुणाला त्यात नफा नाही म्हणून कुणाला ते वाढवायची घाईही नाही.

तब्येतीबद्दल दोन्ही लेखांनी जे लिहिलंय ते वाचून माझी बायको हसली, ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. गांजाने कुणी मरत नाही हे खरं धरलं तरी डोकं बिघडतं हेही खरंय, सगळ्यांचं नाही, काहींचं, आणि कोणाचं ते आधी कळत नाही. लॅन्सेट सायकियाट्रीत २०१९ मध्ये युरोपातल्या बऱ्याच शहरांचा आणि ब्राझीलचा अभ्यास आला, त्यात रोज जास्त जोराचा माल ओढणाऱ्यांत मनोविकाराचा, म्हणजे भास-भ्रमाच्या आजाराचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट निघाला. "आमचे आजोबा देवळाच्या पारावर ओढायचे, ऐंशी वर्षं जगले" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की आजोबांच्या चिलमीतला माल आणि आज खोलीत दिव्याखाली वाढवलेला माल यांच्या जोरात कैक पटींचा फरक आहे, आणि आजोबांनी सुरुवात पंधराव्या वर्षी वेब सिरीज बघून केली नव्हती. कोवळ्या वयात सुरू करणाऱ्यांना सुटणं जड जातं हे कुठलाही मानसोपचारवाला सांगेल.

आता शेतकरी. या विषयात सगळ्यात जास्त फसवणूक त्याची चाललीय म्हणून इथे थोडा वेळ घेतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने कलेक्टरला अर्ज दिला होता, कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावायला परवानगी द्या, अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी समजून लावतो. पोलिसांनी प्रसिद्धीचा स्टंट म्हणून सोडून दिलं, पेपरवाल्यांनी गंमत म्हणून छापलं. मला ती गंमत वाटली नाही. कांदा रस्त्यावर ओतलेला माणूस काय म्हणणार दुसरं? शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला वनजमिनीवर गांजाची झाडं सापडतात, इकडे कुठे तुरीच्या नाहीतर उसाच्या मधे चार ओळी सापडतात, ते हौसेने लावलेलं नसतं. लावायला बी देणारा आणि माल उचलणारा दुसराच असतो, पकडला जातो सातबाऱ्यावर नाव असलेला, आणि लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पण त्याला आता व्हॉट्सॲपवर जे विकलं जातंय, "हेम्प लावा एकरी लाखो कमवा", ते त्याहून वाईट. कलम १४ खाली राज्य सरकारला धागा आणि बियांसाठी हेम्पची, म्हणजे त्याच झाडाच्या कमी नशेच्या वाणाची, शेती करायला परवानगी देता येते हे खरंय, उत्तराखंडने २०१८ पासून दिली, हिमाचल विधानसभेने २०२४ मध्ये समितीचा अहवाल स्वीकारला. पण अट काय, नशेचा घटक म्हणजे टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत. ते बी कुठून आणायचं, आपल्या उन्हात तो घटक वर सरकला तर काय, तर अख्खं पीक नष्ट आणि वर गुन्ह्याची टांगती तलवार. कापड गिरण्यांची मागणी कुठाय, धागा सोडवायची यंत्रं कुठायत? ज्या राज्यात बीटी बियाणं बोगस निघालं तर शेतकऱ्याला पंचनाम्यासाठी महिनाभर फिरवतात तिथे ०.३ टक्क्याची टेस्ट वेळेत कोण करून देणार आहे? कृषी विद्यापीठांनी आधी प्रयोग करावेत, राहुरी आहे, अकोला आहे, तोपर्यंत कुणी ॲडव्हान्स मागितला तर देऊ नका, एवढं छापा ठळक अक्षरात.

औषधाचं मी थोडक्यात सोडतो, त्याला माझा काहीच विरोध नाही. फिट्सच्या काही अवघड प्रकारांत मुलांना झाडातल्या सीबीडी या घटकाचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालंय, आपल्याकडे आयुर्वेदात विजया (भांगेचंच नाव) आहे आणि ती वैद्याच्या देखरेखीखाली द्यायच्या औषधांच्या यादीत आहे. कॅन्सरच्या पेशंटला उपयोग होत असेल तर मिळालं पाहिजे. पण औषधाचं नाव पुढे करून पार्टीचा रस्ता काढणं हे कॅलिफोर्नियात झालं, इथे लोक त्याहून हुशार आहेत.

तर करायचं काय? कलम २७ मधून गांजाचं सेवन काढा. २५-३० ग्रॅमची नवीन रेघ आखा, त्याच्या आत सापडला तर माल जप्त आणि हवं तर वाहतुकीच्या चलनासारखा दंड, शिक्षा म्हणून नोंद नाही, पोराचं वय कमी असेल तर आईबापांना बोलावून समुपदेशन. हे मी क्रांतिकारी काही सांगत नाहीये, २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेच सुचवलं होतं की स्वतःसाठी थोडं बाळगणाऱ्याला गुन्हेगार न धरता उपचाराला पाठवा. त्याहून गंमत म्हणजे आजच्या कायद्यातही दार आहे, कलम ६४-अ म्हणतं व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर अल्प प्रमाणासाठी खटला नाही, कलम ३९ म्हणतं कोर्ट शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. वापरतो कोण? अर्ज केला की विचारतात, पाठवायचं कुठे? पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, ते काय प्रत्येक तालुक्याला पुरणार आहे का. एम्सच्या त्याच सर्व्हेत आहे की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसलातरी उपचार मिळतो, आणि दारू तर कायदेशीर आहे.

उपचाराशिवाय नुसतं सोडून दिलं तर काय होतं ते अमेरिकेतल्या ओरेगॉनने दाखवलं. २०२० ला मतदानाने सगळ्याच ड्रग्जचं थोडं बाळगणं गुन्ह्यातून काढलं, उपचाराची सोय मागून रांगत आली, लोक वैतागले आणि २०२४ ला परत गुन्हा केला. गांजा तिथे आधीपासूनच खुला होता, तो प्रश्न वेगळा, पण क्रम चुकला की चांगला कायदाही बदनाम होतो. आणि मला लगेच विचारलं जाईल की दुकान नाही तर मग ओढणारा आणणार कुठून. एक-दोन झाडं कुंडीत लावू द्या म्हणेन मी, जर्मनीसारखं, आणि भांगेला यूपीसारखं लायसन द्या म्हणणाऱ्यांशीही मी भांडणार नाही. उत्तर पूर्ण नाही, चोरटा बाजार थोडा राहणारच. पण आज जो आहे तो पूर्णच चोरटा आहे आणि त्याची किंमत पुलाखालचं पोरगं भरतंय.

शेवटी तुमच्या पेपरकडे एक मागणं आहे. "लाखोंचा गांजा जप्त" अशा बातमीत किलोचा भाव पोलीस सांगतील तो छापला जातो, निदान वजन कशाचं केलं, शेंड्यांचं का ओल्या झाडाचं, एवढं वार्ताहराने विचारावं. आणि दहा-वीस ग्रॅमच्या केसमध्ये पोराचं पूर्ण नाव, वय, गल्ली छापणं बंद करावं. मागच्या महिन्यात अशीच चार ओळींची बातमी आली, त्या पोराची साखरपुड्याची तारीख ठरली होती, ती पुढे गेली, केस अजून चार्जशीटलाही आलेली नाही.

आपला,
एक वाचक (वकील), जि. सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती, रोज त्याच कोर्टात उभं राहायचंय)